ऑडिटमध्ये सी-३ आलं, पण भूकंपाचं काय?

प्रश्न: पुण्यात कोथरूडला आमची १९९६ सालची सोसायटी आहे. खाली पार्किंग, वर चार मजले, १६ फ्लॅट. नुकतंच स्ट्रक्चरल ऑडिट झालं आणि सी-३, म्हणजे किरकोळ दुरुस्ती, असा शेरा आला. काही सभासदांचं म्हणणं, आता भूकंपाचीही काळजी मिटली. पुणं भूकंपाच्या नकाशावर झोन ३ मध्ये आहे आणि खाली सगळा काळा पाषाण. काहींना रिडेव्हलपमेंटच हवं आहे. एक ठेकेदार पार्किंगमधल्या कॉलमना जॅकेटिंग करून, म्हणजे भोवती सळया-काँक्रीटचा नवा थर चढवून, इमारत 'भूकंपरोधक' करून देतो म्हणतोय. कुणाचं ऐकावं?

उत्तर:

सी-३ हा शेरा बहुधा बरोबरच असेल. फक्त तो भूकंपाबद्दल नाही. हा घोटाळा तुमच्याच सभासदांचा होतोय असं नाही. ज्या ज्या सोसायटीच्या सभेत मला बोलावतात, तिथे ऑडिटची फाइल टेबलावर आपटून 'बिल्डिंग फिट आहे' म्हणणारं कुणीतरी असतंच.

ऑडिटवाल्यांनी काय काय केलं ते आठवा. रिबाउंड हॅमर मारून काँक्रीटचा पृष्ठभाग किती कठीण आहे ते पाहिलं. अल्ट्रासोनिक चाचणीत आत पोकळी आहे का ते बघितलं. एक-दोन कोअर, म्हणजे काँक्रीटचे दंडगोल नमुने, काढले असतील, कार्बोनेशन (हवेने काँक्रीटची गंजरोधक ताकद कमी होणं) कुठवर शिरलंय ते तपासलं असेल, बाथरूमखालच्या स्लॅबचे फुगलेले पोपडे आणि गंजलेल्या सळया यांचे फोटो काढले असतील. ही सगळी झीज मोजायची साधनं. त्यावरून सी-१ म्हणजे पाडा, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहत्या इमारतीत दुरुस्ती आणि सी-३ म्हणजे किरकोळ, अशी वर्गवारी लागते. त्यात विचारलेला प्रश्न एवढाच असतो की १९९६ साली जशी बांधली होती तशी ही इमारत अजून आहे का. भूकंपासाठी विचारायचा प्रश्न असा, की १९९६ साली जशी बांधली तशी बांधणं पुरेसं होतं का. परवाच ताबा दिलेली, एकही तडा नसलेली इमारत या दुसऱ्या प्रश्नात नापास होऊ शकते.

आता झोन ३ चं बघू. आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत देश झोन २ ते ५ असा विभागलेला आहे. पुणे, मुंबई, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, गोवा हे सगळे झोन ३. नागपूर झोन २. रत्नागिरी आणि कोयनेचा पट्टा झोन ४. कच्छ झोन ५. झोन ३ चा गुणांक ०.१६, म्हणजे मोठ्यात मोठ्या अपेक्षित भूकंपात जमिनीचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या १६ टक्क्यांच्या आसपास जाईल असं धरायचं आणि नेहमीच्या डिझाइनला त्याच्या निम्मं, ०.०८, वापरायचं. हा आकडा जमिनीबद्दलचा आहे. वर काय उभं आहे, ते त्याला ठाऊक नाही.

शिवाय तो आकडा त्या त्या वेळच्या माहितीवर बेतलेला असतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा तो भाग नकाशावर झोन १ मध्ये होता, म्हणजे देशातला सगळ्यात निर्धास्त. आदल्या वर्षी, १९९२ च्या शेवटी, त्याच परिसरात धक्के बसत होते, लोक घाबरून बाहेर झोपत होते, पण नकाशा हलला नाही. २००२ च्या आवृत्तीत झोन १ हा प्रकारच काढून टाकला आणि किल्लारीचा पट्टा थेट झोन ३ मध्ये नेला. द्वीपकल्पीय भारताची अडचण अशी की इथे ताण फार सावकाश साठतो. एकाच भ्रंशावर, म्हणजे खडकातल्या सरकणाऱ्या भेगेवर, दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षं जाऊ शकतात आणि आपल्या हातातल्या लिखित नोंदी काही शतकांच्याच. आज धोक्याचा अभ्यास संभाव्यतेच्या भाषेत होतो. उदाहरणार्थ, ५० वर्षांत ओलांडलं जाण्याची शक्यता १० टक्के असलेलं त्वरण, ज्याला ४७५ वर्षांचा आवर्तनकाल म्हणतात. हिमालयाच्या पायथ्याला असं गणित बऱ्यापैकी पाय रोवून करता येतं. दख्खनच्या पठारावर करताना अभ्यासकाला प्रत्येक गृहीतक दोनदा तपासावं लागतं, कारण पुढचा भूकंप नोंदीत नसलेल्या भ्रंशावर होऊ शकतो. म्हणून 'झोन ३ आहे, चालतंय' हे वाक्य मला अजिबात आवडत नाही.

काळ्या पाषाणाची गोष्ट अर्धी खरी आहे. कठीण खडकावर कंपनं फुगत नाहीत, हे बरोबर. १९८५ साली मेक्सिको सिटीत जे झालं ते जुन्या तळ्याच्या गाळामुळे. केंद्र साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे असूनही त्या गाळाने दोन सेकंदांच्या आवर्तनाची लाट फुगवली आणि तिच्याशी सूर जुळलेल्या मध्यम उंचीच्या इमारती कोसळल्या. कोथरूडला मुरुमाखाली खडक लागत असेल तर तसं होणार नाही. पण कोयना आणि किल्लारी, दोन्ही याच काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर, आहेत. किल्लारीला भोक पाडून बघितलं तेव्हा बेसाल्टची जाडी सुमारे ३४० मीटर भरली. कोयनेला ती एक किलोमीटरच्या घरात आहे. भूकंप होतो तो त्याच्या कितीतरी खाली, जुन्या पायाभूत खडकात. वरचा बेसाल्ट ही नुसती साल आहे. आणि दुसरं, खडकावरची कंपनं जलद असतात. तुमच्यासारखी पाच मजली, विटांच्या भिंतींची इमारत स्वतःही जलदच झुलते, साधारण ०.४ सेकंदाला एक झोका. म्हणजे ती नेमकी अशा जागी बसते जिथे खडकावरचा भूकंपही तिला सगळ्यात जास्त ओढतो. तुमचा प्लॉट पूर्वीच्या दगडखाणीत किंवा बुजवलेल्या ओढ्यावर आहे का, तेही जुन्या लोकांना विचारून घ्या. पुण्यात असे प्लॉट कमी नाहीत, आणि तिथे 'खाली पाषाण' हा दिलासाही उरत नाही.

कोयनानगर पुण्यापासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप ६.३ ते ६.५ रिश्टरचा होता, पुण्या-मुंबईलाही तो चांगलाच जाणवला होता. त्यानंतर आजवर तिथे छोटे धक्के चालूच आहेत आणि ते कधीमधी पुण्यात जाणवले की लोक म्हणतात, बघा, आमची बिल्डिंग टिकली. रिश्टरचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. साडेचारचा धक्का सोसणं म्हणजे साडेसहाची परीक्षा पास होणं नव्हे. दोन्हींच्या ऊर्जेत हजारपट फरक आहे. (कोयना धरणाबद्दल जाता जाता: ते डिझाइन करताना आडवं बळ वजनाच्या ५ टक्के धरलं होतं, आणि त्या पहाटे धरणातल्याच यंत्राने ०.६३ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ६३ टक्के, इतकं कमाल त्वरण नोंदवलं. धरण उभं राहिलं, पण मागच्या उताराचा कोन जिथे बदलतो तिथे आडव्या भेगा पडल्या. ती नोंद आणि त्या भेगा जगभरच्या धरण-अभ्यासकांना इतक्या उपयोगी पडल्या की स्वतःच्या वजनावर पाणी अडवणाऱ्या काँक्रीटच्या धरणाचं भूकंप-गणित शिकायचं तर आजही पहिलं उदाहरण कोयनेचंच सोडवतात.)

तुमच्या इमारतीला सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र कोयना नाही, किल्लारीही नाही. ते आहे अहमदाबाद.

२६ जानेवारी २००१ ला सकाळी पावणेनऊला कच्छमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. अहमदाबाद तिथून सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर दूर आणि झोन ३ मध्ये, पुण्यासारखंच. तिथल्या पासपोर्ट ऑफिसच्या इमारतीत बसवलेल्या यंत्राने जमिनीलगत नोंदवलेलं कमाल त्वरण होतं ०.११ जी च्या आसपास. म्हणजे झोन ३ च्या हिशेबातच बसणारं, अनपेक्षित काहीच नाही. आणि एवढ्यावर त्या शहरात डझनांनी बहुमजली इमारती पडल्या, शेकडो माणसं गेली. पडलेल्यांपैकी बहुतेक इमारतींचं वर्णन तुमच्या प्रश्नातल्या पहिल्या ओळीसारखंच होतं: खाली मोकळं पार्किंग, वर चार मजले. साबरमतीच्या गाळाने काही ठिकाणी भर घातली हे खरं, पण त्याच गाळावर, त्याच रस्त्यावर शेजारच्या इमारती उभ्या राहिल्या.

असं का होतं ते पार्किंगमध्ये उभं राहून वर बघितलं की समजतं. वरच्या चारही मजल्यांवर कॉलमच्या मध्ये विटांच्या भिंती आहेत. डिझाइन करताना त्यांचं फक्त वजन धरलेलं असतं, पण प्रत्यक्षात त्या कॉलमना दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात. त्यामुळे वरचा सगळा भाग एका घट्ट पेटीसारखा वागतो. खालच्या मजल्यावर भिंती नाहीत. इमारतीला जेवढं झुलायचं आहे ते सगळं झुलणं त्या एका मजल्यात गोळा होतं, कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाशी. वरची घरं जवळपास शाबूत राहून इमारत एक मजला खाली बसते.

आता १९९६ सालाचा मुद्दा, कारण तो तुमच्या बाबतीत निर्णायक आहे. कॉलम-बीम वाकले तरी तुटू नयेत यासाठी सळया कशा बांधायच्या, याचं मानक म्हणजे आयएस १३९२०. ते १९९३ ला आलं. पण त्या वेळी झोन ३ मधल्या साध्या निवासी इमारतींना ते लागू होतं ते पाचपेक्षा जास्त मजले असतील तरच. पार्किंग आणि चार म्हणजे बरोबर पाच. म्हणजे तुमच्या आरसीसी कन्सल्टंटने नियम मोडला नाही. नियमच त्याला सांगत नव्हता. ही सवलत २००२ ला, कच्छच्या भूकंपानंतर, काढली. मोकळ्या तळमजल्यासाठी वेगळी तरतूदही आयएस १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीतच आली: तिथले कॉलम-बीम अडीचपट बळासाठी डिझाइन करा. २०१६ च्या आवृत्तीने पुढे जाऊन अशा मजल्यात आरसीसी भिंती किंवा ब्रेसिंग, म्हणजे तिरके आधार, घालायला सांगितलं. काँक्रीटचंही तसंच. आरसीसीला किमान एम-२० प्रतीचं काँक्रीट हवं (आकडा मोठा तितकं मजबूत) हे आयएस ४५६ ने २००० साली ठरवलं. त्याआधी एम-१५ चालायचं आणि त्या काळी ते सर्रास वापरलं जायचं. थोडक्यात, महाराष्ट्रातल्या शहरांत २००२ च्या आधीची 'पार्किंग अधिक चार' ही इमारत नियमांच्या नेमक्या फटीत जन्मलेली आहे.

थोडं गणित करून दाखवतो, म्हणजे 'धोका आहे' हे नुसतं बोलणं राहणार नाही. तुमचे नकाशे माझ्यापुढे नाहीत, म्हणून त्या काळातली सर्वसाधारण इमारत धरतो. मजल्याचं क्षेत्र १५ बाय १२, म्हणजे १८० चौरस मीटर. टेरेस धरून पाच स्लॅब. भिंती-फरशा धरून चौरस मीटरला १.२ टन. एकूण १०८० टन. झोन ३, कठीण जमीन, सळयांचं विशेष बंधन नाही, तर आयएस १८९३ या संहितेच्या सूत्राने आडवं बळ येतं वजनाच्या ६.७ टक्के, म्हणजे ७२ टन. हे सगळं पार्किंगच्या कॉलमनी पेलायचं. कॉलम २०, प्रत्येक २३० बाय ४५० मिलिमीटर. त्या काळी कॉलम नऊ इंची भिंतीत लपवायची पद्धत होती, म्हणून २३०. वीस कॉलमचं मिळून क्षेत्र होतं जेमतेम २.०७ चौरस मीटर. आयएस १५९८८ या जुन्या इमारतींच्या मूल्यमापनाच्या मानकातली झटपट तपासणी लावली तर कॉलममधला सरासरी कातरताण (कॉलमला आडवं कापू पाहणारा ताण) येतो ०.४६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. एम-१५ काँक्रीटला मर्यादा आहे ०.३९. नापास, पण थोडक्यात. जुन्या इमारतीला बळ ३० टक्क्यांपर्यंत कमी धरायची मुभा तेच मानक देतं. ती घेतली की ०.३२, पास. इथे बरेच जण पेन खाली ठेवतात. पण या हिशेबात मोकळ्या तळमजल्याचा उल्लेखच नाही. २००२ चा अडीचचा गुणक लावा, सवलत घेऊनही ताण ०.८० होतो. मर्यादेच्या दुप्पट.

हे गणित कोथरूडच्या तुमच्या इमारतीचा निकाल नाही. पण ऑडिटच्या अहवालात असं एकही पान नसेल, तर भूकंपाची तपासणी झालेलीच नाही, हे त्यावरून ओळखा.

गणितापेक्षा जास्त सांगणारी गोष्ट कॉलमच्या आत आहे. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती रिंगा असतात. रिंग वळवताना तिची दोन टोकं हुकासारखी वाकवतात. फिटरला सोपं पडतं काटकोनात, ९० अंशांत, वाकवणं. हवं असतं १३५ अंशांत, टोक आतल्या काँक्रीटमध्ये घुसेल असं. फरक नेहमीच्या दिवसांत शून्य. भूकंपात बाहेरचं कव्हर फुटून पडलं की ९० अंशांचा हुक मोकळा होतो, रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि आतलं काँक्रीट भुगा होऊन खाली येतं. १३५ चा हुक आत रुतलेला राहतो. कॉलम वाकतो, विद्रूप होतो, पण वजन सोडत नाही. दुसरं म्हणजे रिंगांमधलं अंतर. कॉलमच्या वरच्या-खालच्या टोकांना, निदान दीड फुटात, ते १०० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. त्या काळच्या कामांत सहा, कधी आठ इंचांवर रिंगा सर्रास सापडतात. तिसरं, उभ्या सळयांचे जोड. स्लॅब झाला की वर 'स्टार्टर' सोडायचे आणि पुढच्या सळया तिथेच बांधायच्या, म्हणजे सगळे जोड नेमके मजल्याच्या पातळीला, जिथे ताण सर्वांत जास्त. मानक सांगतं, जोड मजल्याच्या मधल्या निम्म्या उंचीत घ्या.

रिंगांचं अंतर स्कॅनरने भिंत न फोडता कळतं. हुक कळत नाही. त्यासाठी पार्किंगमधल्या दोन-तीन कॉलमचा एक कोपरा, बीमच्या खाली फूटभर, छिन्नीने उघडावा लागतो. तासाभराचं काम, नंतर दुरुस्तीचा मसाला भरून बंद. माझ्या अनुभवात कमिटीला कुठलाही अहवाल वाचून जे पटत नाही ते तो उघडा कोपरा बघून पटतं.

पार्किंगमध्ये असताना आणखी काही बघून घ्या. मीटर रूम, पंप रूम आणि वॉचमनची खोली एकाच कोपऱ्यात आहेत का? असतील तर तो कोपरा कडक आणि बाकीचा मऊ, त्यामुळे इमारत नुसती झुलणार नाही, पिळली जाईल, आणि समोरच्या टोकाचे कॉलम सगळ्यात जास्त फरफटतील. कुठे कमरेएवढी भिंत कॉलमला चिकटवून बांधली आहे का? ती कॉलमची मोकळी उंची कमी करते. आखूड कॉलम कडक असतो, म्हणून जास्त बळ स्वतःवर ओढतो आणि तिरका चिरून तुटतो. जिन्याच्या मधल्या लँडिंगच्या बीमजवळही हेच होतं. कुणी पार्किंग बंद करून गोडाऊन केलंय, कुणी पहिल्या मजल्यावर हॉल मोठा करायला भिंत पाडलीय, गच्चीवर टाक्या वाढल्यात, जुन्या फरशीवरच नवी फरशी घातलीय, हे सगळं त्या हिशेबात घालावं लागतं.

ठेकेदाराच्या जॅकेटिंगबद्दल. जॅकेटिंग हा चांगला उपाय आहे, नीट केला तर. मी बघतो ते जॅकेटिंग बहुधा असं असतं: कॉलमभोवती जाळी किंवा चार सळया, त्यावर मायक्रो-काँक्रीट, आणि हे सगळं बीमच्या खाली येऊन थांबतं. सळया स्लॅबमधून वर गेलेल्या नाहीत, खाली फूटिंगमध्ये, म्हणजे कॉलमच्या पायात, रुतवलेल्या नाहीत. कॉलमची मधली उंची जाड झाली, पण भूकंपात तुटायची जागा टोकाला असते, ती तशीच राहिली. उलट काही कॉलम जाड आणि काही बारीक केले तर जाड झालेले जास्त बळ खेचतात. गंजाने गेलेल्या कॉलमला वजनासाठी असं जॅकेट चालतं; 'भूकंपरोधक' म्हणून ते विकू नये. त्या शब्दाची हमी देणाऱ्याला विचारा, कुठल्या मानकाप्रमाणे, किती बळासाठी, आणि गणितावर सही कुणाची. जगातली कुठलीही संहिता इमारतीला इजा होणार नाही असं म्हणत नाही. मोठ्या भूकंपात तडे जातील, कदाचित इमारत नंतर वापरण्याजोगी राहणार नाही, पण माणसं बाहेर येईपर्यंत ती उभी राहील, एवढंच संहितेचं उद्दिष्ट.

तुमच्यासारख्या इमारतीला माझी पहिली पसंती पार्किंगमध्ये मोजक्या जागी नव्या आरसीसी भिंती घालण्याला असते. दोन दिशांना किमान दोन-दोन, शक्यतो बाहेरच्या कडांना, समोरासमोर, म्हणजे पीळ येणार नाही. भिंत दोन कॉलमच्या मध्ये, त्यांच्याशी आणि वरच्या बीमशी सळयांनी जखडलेली, खाली स्वतःचा पाया किंवा जुने दोन फूटिंग जोडून रुंद केलेला. तिची टोकं भूकंपात उचलली जायला बघतात, म्हणून पाया हलका ठेवून चालत नाही, आणि खर्चाचा मोठा वाटा तिथेच जातो. भिंती जमत नसतील तर लोखंडी ब्रेसिंग. त्यातून गाडी जात नाही पण उजेड-वारा जातो. तीन-चार पार्किंग जागांचा बळी बहुधा जातो. खरं भांडण तिथेच होतं, गणितावर कधीच होत नाही. लोकांना घरं सोडावी लागत नाहीत, काम सगळं खालच्या मजल्यावर होतं, ही यातली मोठी सोय. पार्किंगची संख्या बदलते म्हणून महापालिकेची परवानगी आधी बघून घ्या.

इथे किल्लारीकडे पुन्हा एकदा जातो, कारण कमी पैशात काय साधतं हे तिथे दिसलं. तिथली घरं माळवदाची: दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, मातीत बांधलेल्या, आतली आणि बाहेरची फळी वेगळी आणि मध्ये दगडगोट्यांची भर. वर लाकडी पाटांवर फूट-दीड फूट माती, पावसाळ्याआधी दरवर्षी थोडी नवी. भूकंपात दोन फळ्या एकमेकींपासून सुटल्या आणि छताची माती झोपलेल्या माणसांवर आली. सुमारे आठ हजार लोक गेले. त्याच गावांत कुडाच्या, छपराच्या घरांत राहणारे बरेच वाचले. जमीन दोघांखालची सारखीच हलली होती. नंतरच्या पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते ज्या घरांची नुसती मजबुती केली त्यांचं काम: भिंतीला आरपार जाणारे दगड किंवा काँक्रीटचे खुंट, दारं-खिडक्यांच्या वर घराभोवती फिरणारा पट्टा, छतावरची माती कमी करणं. यातलं काहीही गावच्या गवंड्याला अवघड नव्हतं. संशोधनात आज एकेका प्रकारच्या इमारतीसाठी, अमुक त्वरणाला इतके टक्के कोसळतील, असे वक्र काढतात. रात्री आणि दिवसा आत किती माणसं असतात तेही त्यात धरतात. कोयना आणि किल्लारी दोन्ही पहाटे झाले, हा फरक हजारो जिवांचा असतो. त्या वक्रांवरून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: सगळ्यात दुबळ्या इमारतीतली एक ठळक उणीव काढली की कोसळण्याची शक्यता पुष्कळ खाली येते. तुमच्या बाबतीत ती उणीव पार्किंगचा मजला आहे.

राहिलं रिडेव्हलपमेंट. काँक्रीट खरोखर कमजोर निघालं, गंज सगळीकडे पसरलेला असला, तर जुन्यावर पैसे घालू नका. पण करार, मंजुऱ्या आणि बांधकाम मिळून कित्येक वर्षं जातात, आणि तेवढा काळ तुम्ही याच पार्किंगच्या वर झोपणार आहात. तोवर निदान गच्चीवरच्या रिकाम्या टाक्या उतरवा, गच्चीचा सैल कठडा बांधून घ्या, आणि पार्किंगमध्ये जिथे गाडी लागत नाही तिथे समोरासमोर भिंती घालून कडकपणा वाढवता येतो का ते इंजिनिअरकडून तपासून घ्या. आणि नवी इमारत म्हणजे आपोआप सुरक्षित असंही समजू नका. नव्या टॉवरमध्ये खालचे तीन मजले पार्किंगचे (पोडियम) असतात, गाड्या वळवायला सोयीचं व्हावं म्हणून वरचे कॉलम मध्येच एखाद्या बीमवर उतरवलेले असतात. विकसकाला करारातच विचारा: लिफ्टभोवतीच्या आणि बाकीच्या आरसीसी भिंती पायापर्यंत सलग जातात का? तरंगते कॉलम किती? डिझाइनची तपासणी विकसकाशी संबंध नसलेल्या दुसऱ्या इंजिनिअरकडून होणार का, आणि त्याची फी सोसायटी देणार का?

पहिलं पाऊल अगदी साधं आहे. महापालिकेच्या बांधकाम विभागात तुमच्या इमारतीची फाइल असेल. तिच्यातले मंजूर नकाशे आणि मिळाले तर आरसीसीचे नकाशे यांची प्रत काढा. मूळ कन्सल्टंटकडेही विचारा, त्या पिढीचे बरेच जण ट्रेसिंगच्या गुंडाळ्या अजून जपून आहेत. मग ऑडिटवाल्यांना किंवा दुसऱ्या कुणा स्ट्रक्चरल इंजिनिअरला लेखी काम द्या: 'आयएस १५९८८ प्रमाणे भूकंपीय मूल्यमापन, पार्किंगच्या किमान तीन कॉलमची सळई उघडून तपासणी, आणि मोकळा तळमजला गणितात धरून निष्कर्ष.' नुसतं 'स्टॅबिलिटी सर्टिफिकेट' मागितलंत, तर तेवढंच एक पान हातात पडेल.